तणसीचा दोर

कागदावरचं अक्षर माझं होतं आणि तो कागद मी लिहिला नव्हता. तिसरी 'ब'च्या टेबलावर हजेरीच्या वहीखाली खाकी पाकीट ठेवलेलं. त्यात नागपूरच्या डॉक्टरीणबाईंचं पत्र, चार कोरे फॉर्म आणि वर टाचणी लावलेली चिठ्ठी. 'माननीय वर्गशिक्षिका यांस.' 'क्ष'ची शेपटी लांब खाली ओढलेली, 'श'च्या पोटात वळसा, आणि शिरोरेघ शब्द संपला तरी जराशी पुढे जाऊन मगच थांबणारी. मी फळ्याकडे पाहिलं. सकाळीच मी वार, तारीख, सुविचार लिहिला होता. तीच शेपटी, तीच रेघ. अठ्ठेचाळीस पोट्टे कल्ला करून राहिले होते आणि मला तो ऐकूच येईना. मग खालची सही वाचली. 'आपला, जागेश्वर गुरुजी (सेवानिवृत्त). कु. रुचीचे आजोबा.' स्वतःच्या नावापुढे स्वतःच गुरुजी लिहिणारा माणूस जगात एकच. म्हणजे अक्षर माझं नव्हतंच, त्याचं होतं. चौथीत त्याने बोटांवर पट्टी मारमारून ते बसवलं, आणि मी मूर्ख, तीस वर्षं तेच वापरून राहिली, त्यावर शाबासक्या घेऊन राहिली. आमची हेडबाई मूळची पुण्याकडची, मी 'आले-गेले' न म्हणता 'आली-गेली' म्हटलं की तिच्या कपाळाला आठी पडते, पण ती सुद्धा म्हणते, मंजूबाई, अक्षर मात्र तुमचं मोत्यासारखं. मोती म्हणे. जळो ते मोती.

पत्र सरळ होतं. रुचीला लक्ष टिकवायला, जागेवर बसायला त्रास होतो; हा तिचा हट्ट नाही आणि शिस्तीचा प्रश्न नाही. तिला गोळी सुरू केली आहे, सकाळी एक आणि मधल्या सुट्टीत एक. कोणत्या मुलाला किती मात्रा लागेल हे आधी सांगता येत नाही, थोडी देऊन, पाहून, शोधावी लागते. म्हणून दर शुक्रवारी एक फॉर्म शाळेने आणि एक घरच्यांनी भरावा आणि फोटो पाठवावा. त्या दोन कागदांवरून गोळी वाढवायची, तेवढीच ठेवायची की कमी करायची हे ठरेल. फॉर्मवर अठरा वाक्यं होती. न विचारता जागेवरून उठते. हातपाय सतत हलवते. प्रश्न पूर्ण व्हायच्या आधी उत्तर देते. प्रत्येकापुढे चार चौकटी, कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमीच. आणि खाली वेगळा भाग, गोळीचा त्रास: भूक, झोप, नखं-कातडी कुरतडणं, गप्प गप्प होणं. मी रुचीकडे पाहिलं. ती अर्थातच जागेवर नव्हती, खिडकीत होती. बिरसीच्या विमानतळावर पायलट शिकवायची शाळा आहे, त्यांची छोटी विमानं दिवसभर आमच्या डोक्यावरून घरघरत जातात. आम्हाला आता ती ऐकू येत नाहीत. रुचीला प्रत्येक ऐकू यायचं. "बाई, हा नवीन आहे!" ती ओरडायची. "घाबरून राहिला, पाहा ना आवाज कसा करते!" मला तिचा राग यायचा, खोटं कशाला बोलू. पण वर्गात एकट्या तिलाच आवाजावरून माणूस घाबरलेला कळायचा.

मधल्या सुट्टीत गुरुजी फाटकाशी आला. पोराचा, चंद्रकुमारचा, तांदळाचा व्यापार; तो आठवड्यातले चार दिवस रायपूरला, सून दुकानात, म्हणून नातीचं सगळं म्हाताऱ्याकडे. पांढरा पायजमा, वर स्वेटर, ताठ मान. खिशातून चुन्याची डबी काढली. मला वाटलं तंबाखू खातो की काय, पण डबी धुऊन चकचकीत केलेली आणि आत ती गोळी. रुचीने ती पाण्यासोबत गिळली आणि पळाली. त्याने माझ्याकडे पाहून हात जोडले. ओळखलं नाही. चाळिशीची, चष्म्याची, ओढणी खांद्याला पिन केलेली बाई, कशी ओळखणार. "मॅडमजी," तो पळणाऱ्या नातीकडे बोट करून म्हणाला, "जरा ध्यान ठेवजा. आमच्या घरात असी टुरी कधी झाली नाही. आमची साऱ्यायची बैठक पक्की. हे कुठून आलं समजत नाही." बैठक पक्की! माझ्या कानशिलात काहीतरी टणटण वाजायला लागलं. अर्जुनी मोरगावच्या पलीकडे, तलावाच्या पाळीखाली, बांधाखाली, आमची शाळा, एका खोलीत तिसरी आणि चौथी, आणि हाच माणूस खुर्चीवर. मी चौथीत, माझा भाऊ ओमेश तिसरीत. ओमेशला बसवत नसे. पाय हलायचा, हात हलायचा, काहीच नाही मिळालं तर कान हलवायचा. तलावावर बदक उतरलं की हा पाळीवर. जागेश्वर गुरुजीने त्याला मारून पाहिलं, उभं करून पाहिलं, मग स्वतःच्या डोक्याने नवीन इलाज काढला. धान चुरल्यावर जी तणस उरते, तिचा दोर. दोर म्हणजे काय, चार-सहा काड्यांचा पीळ, शेंबड्या पोराने ओढला तरी तुटेल. त्याचं एक टोक ओमेशच्या पायाला, एक टोक टेबलाच्या पायाला. शिक्षा दोराची नव्हतीच. शिक्षा ही की तो तुटला नाही पाहिजे. घंटा होईपर्यंत दोर अख्खा राहिला तर घरी जायचं. तुटला की एक छडी आणि नवीन दोर. सगळा वर्ग अभ्यास सोडून त्या दोराकडे पाहत बसायचा, आणि ओमेशच्या कपाळावर थंडीत घाम.

तर आता करावं तसं भरावं. पहिल्या शुक्रवारी मी फॉर्म पुढे घेतला. खरं सांगायचं तर तो आठवडा रुचीला चांगला गेला होता. पहिल्यांदाच तिने धड्याचं एक अख्खं पान वाचलं, वाचून झाल्यावर स्वतःच चकित होऊन माझ्याकडे पाहिलं. विमान आलं तेव्हा खिडकीत गेली, पण परत आली, आणि कुठपर्यंत वाचलं होतं ते तिला सापडलं. मला काय लिहायचं ते माहीत होतं. 'कधीकधी', 'कधीकधी', एखादं 'बऱ्याचदा'. मी पेन टेकवलं आणि पहिल्या ओळीवर 'नेहमीच'. हात हलका झाला. दुसऱ्या ओळीवर 'नेहमीच'. अठरा वेळा 'नेहमीच', आणि प्रत्येक खुणेला छातीत गोड असं काहीतरी. मुलगी माझ्या डोक्यात नव्हतीच, शपथेवर सांगते. डोक्यात एवढंच होतं की फोटो काढून झाला की हा कागद पाकिटातून म्हाताऱ्याच्या हातात जाईल, तो चष्मा लावून वाचेल, आणि त्याला कळेल की त्याच्या घरात, त्याच्या पक्क्या बैठकीच्या घरात, एक ओमेश जन्माला आला आहे. शेवटच्या रिकाम्या ओळींवर मी मुद्दाम वळणदार लिहिलं, 'मुलगी वर्गाला त्रास आहे.' त्याच्याच अक्षरात. दुसऱ्या शुक्रवारी पुन्हा तसंच. त्या आठवड्यात तिची गोळी वाढली होती आणि ती डबा अर्धा परत नेऊ लागली होती, ते मी पाहिलं. 'गोळीचा त्रास' या भागात सगळीकडे 'नाही' लिहिलं. त्रास आहे लिहिलं असतं तर गोळी उतरवली असती, आणि मग गोष्ट पोरीची झाली असती. मला ती म्हाताऱ्याची हवी होती. घरी येऊन मी भात टाकला आणि चक्क गाणं गुणगुणत होती. नवरा म्हणाला, काय आज खुशीत? मी म्हटलं, काही नाही, जुनं काम निपटलं.

तिसऱ्या आठवड्यात विमान आलं आणि रुची उठली नाही. मी फळ्याकडे तोंड करून थांबली, कारण मला सवय होती, घरघर आली की मागून बेंच सरकल्याचा आवाज. आवाज आला नाही. वळून पाहिलं तर ती वहीवर हात ठेवून बसली होती, डोळे फळ्यावर, आणि फळ्यावर मी अजून काहीच लिहिलं नव्हतं. अंगठ्याच्या नखापाशी कातडी सोललेली, लाल. सुट्टीत तांदळाच्या चिल्याचा, म्हणजे धिरड्याचा, डबा तिने उघडला, पाहिला, झाकण लावलं. तिची मैत्रीण टीना म्हणाली, "बाई, रुची आमच्याशी कट्टी आहे का? बोलतच नाही." मी रुचीला विचारलं, विमान ऐकू आलं नाही का गं? "आलं," ती म्हणाली. मग? तिने जरा विचार केला. "चालवू दे त्याला." हेडबाई राउंडला आली आणि दारातूनच म्हणाली, वा, रुची किती शहाणी झाली! माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी आत कुठेतरी बरंही वाटलं, वर्ग शांत होता ना. त्या बरं वाटण्याची मला अजून किळस येते. गुरुवारी म्हातारा फाटकाशी पेढ्याचा डबा घेऊन उभा. "मॅडमजी, जमलं!" त्याचा चेहरा फुलला होता. "आता कसी मूर्तीवानी बसते. घरात हाये का नाही समजत नाही. तुमचे उपकार जी. माही नोंद न तुमची नोंद, खुणेला खूण जुळते, डॉक्टरीण काय करन मग? वाढवलीच तिनं." मी विचारलं, तुम्ही काय लिहिता? "नेहमीच," तो म्हणाला, "जे पाहतो ते लिहितो. अजून झोपेत हात हलवते ना ते. या शुक्रवारी अखीन वाढवा म्हणून लिहितो, तुम्हीही लिहा." आणि पेढा पुढे केला. मी तो खाल्ला. सांगा आता. ज्याला चटका द्यायला निघाली होती, त्याला मी स्वतःच्या हाताने मूर्ती करून दिली, आणि वर त्याचा पेढा खाल्ला.

तिसरा फॉर्म मी भरला नाही. पर्समध्ये घडी करून ठेवला आणि रविवारी सकाळी स्कूटी काढून बिरसीला गेली. ओमेश विमानतळावर रोजंदारीवर आहे. धावपट्टीच्या कडेचं गवत कापायचं आणि पक्षी बसले की धावत जाऊन, फटाके वाजवून ते उडवायचे. दिवसभर धावायचं काम, त्याच्यासाठीच काढल्यासारखं. पाचवीत शाळा सोडली, त्यानंतर त्याला कुठे टिकवलं असेल तर त्या कामाने. तो बायकोसोबत वाडीतल्या वालाच्या शेंगा तोडत होता. मी त्याला सगळं सांगितलं. जागेश्वर गुरुजी, नात, फॉर्म, गोळी. मला वाटलं तो पेटेल. तो हसला. "म्हातारा जित्ता हाये का अजून?" बस्, एवढंच. मला राग आला. मी म्हटलं, "तुले काहीच नाही वाटत? दोर आठवत नाही तुले?" त्याने शेंग तोडली, टोपलीत टाकली. एक पाय सारखा मातीत टोकरत होता. "दोर नाही आठवत वो बाई," तो म्हणाला, "तुहं तोंड आठवते. तू माह्या पायाकडं पाहत राहायची." मग वर पाहिलं, कारण विमान आलं होतं. "नवीन टुरा दिसते," तो म्हणाला, "घाबरून राहिला." मी स्कूटीला किक मारली आणि चहा न घेता निघाली.

दोर कोण वळायचं ते मी मघाशी सांगितलं नाही. मी वळायची. चौथीतली सगळ्यात हुशार मुलगी, सगळ्यात सुंदर अक्षराची, आणि तणसीचा पीळ माझ्यासारखा कोणाला जमत नसे. रोज सकाळी, "मंजू, दोर वळ." सुरुवातीला मी चोरून एखादी काडी जास्त घालायची, पक्का व्हावा म्हणून, त्याला छडी पडू नये म्हणून. मग गुरुजीने ओळखलं आणि काड्या मोजून द्यायला लागला, चार. पण एक दिवस होता. अक्षरासाठी गुरुजीने मला शाईचा पेन बक्षीस दिला होता, आणि त्या सकाळी ओमेशने त्या पेनाने जमीन खणून निब वाकडी केली. मी शाळेत आली, आणि चारातल्या दोन काड्या टाकून दिल्या. दोन काड्यांचा दोर. कोणी सांगितलं नव्हतं. मग आपल्या जागेवर बसून पाहत राहिली, आता तुटेल, आता तुटेल. तुटला नाही. ओमेशने करंगळी वर केली, गुरुजी म्हणाला, घंटा झाल्यावर. पुन्हा केली. मग त्याने करंगळी खाली घेतली, आणि चड्डीतून ओघळ सारवलेल्या जमिनीवरून टेबलाच्या पायापर्यंत गेला. दोर भिजला. भिजलेली तणस तुटत नाही, आणखी चिवट होते. घंटा झाल्यावर गुरुजीने तो अख्खा दोर सोडवून वर धरला आणि वर्गाला म्हणाला, "पाहा. मनात आणलं तर बसता येते." आणि मी टाळी वाजवली. सगळ्यांनी वाजवली, त्यांच्यासोबत मीही.

सोमवारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. आवाज शांत, पण आत तार ताणलेली. "मॅडम, एक विचारू? दोन्ही फॉर्म तुम्हीच भरता का? घरचा आणि शाळेचा. अक्षर एकच आहे." मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, "वजन दीड किलो उतरलंय, आणि दोघंही लिहिता त्रास काहीच नाही. आजोबा म्हणतात अजून वाढवा. मी इथे बसून तुमच्या डोळ्यांनी पाहते हो. डोळे दोन जणांचे पाहिजेत म्हणून तर दोन कागद आहेत. उद्या दोघांनी समोरासमोर बसून भरा आणि तिथूनच मला फोटो पाठवा." मंगळवारी हेडबाईच्या ऑफिसात एकाच टेबलावर मी आणि तो. हेडबाई दोघांच्या मध्ये घड्याळ पाहत. तो लिहू लागला, मीही लिहू लागली. पेनचा आवाज सुद्धा सारखा. मग त्याचा पेन थांबला. तो माझ्या कागदाकडे पाहत होता, चष्मा कपाळावर, चष्मा नाकावर. आजवर त्याने माझ्या खुणाच पाहिल्या होत्या, आज अक्षर पाहिलं. "मॅडमजी," तो म्हणाला, "हे अक्षर कोनाचं?" मी म्हटलं, "तुमचं, गुरुजी." मी गावाचं नाव सांगितलं, साल सांगितलं, माझं नाव सांगितलं. त्याचे डोळे भरून आले. खरंच भरून आले. "मंजू! दोर वळनारी मंजू! काय पीळ होता वो तुह्या हाताले! हेडबाई, माही विद्यार्थीन आहे ही!" मी म्हटलं, "आणि ओमेश? माझा भाऊ. ज्याच्या पायाला तो दोर होता." तो आठवू लागला. प्रामाणिकपणे आठवू लागला, भुवया जवळ आणून. "कोन ओमेश?" म्हणाला. तीस वर्षं मी या माणसाला मनात उभं करून उलटसुलट झोडत आली, आणि त्याला माझा भाऊ आठवत नव्हता, माझा पीळ आठवत होता. मला त्याचा गळा धरावासा वाटला. मी फॉर्म ओढला आणि खरं लिहिलं. पहिल्या आठवड्यात एक पान वाचलं. दुसऱ्यात डबा अर्धा. तिसऱ्यात डबा उघडत नाही, नखं सोलते, मैत्रिणींशी बोलत नाही, विमान पाहत नाही. आणि खाली, 'माझ्या मागच्या दोन्ही नोंदी खोट्या आहेत. मुलीमुळे नाही, माझ्या जुन्या रागामुळे.' हेडबाईने वाचलं आणि मटकन बसली. म्हणाली, मंजूबाई, याचा लेखी खुलासा द्यावा लागेल. देईन म्हटलं. गुरुजीनेही वाचलं. "माह्या नोंदी खऱ्या आहेत," तो हळूच म्हणाला, "मले ती हलतानीच दिसते, बाप्पा. मी काय करू?"

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी गोळी उतरवली, पहिल्या आठवड्याच्या मात्रेवर. मला फोनवर झापलं ते झापलं, चांगलं दहा मिनिटं, आणि मी ऐकून घेतलं. शेवटी मी म्हटलं, एक सुचवू? आजोबांना वर्गात काय होतं ते माहीतच नाही. त्यांना आठवड्यातून एक तास वर्गात बसायला सांगा. डॉक्टरीणबाईंना खूप आनंद झाला, म्हणाल्या, हे फारच छान! छान कसलं. माझ्या मनात काय होतं ते त्यांना काय माहीत. शुक्रवारी गुरुजी आला आणि मी त्याला शेवटचा बेंच दाखवला, तिसरीच्या पोरांचा, गुडघे छातीला लागतील असा. "गुरुजी, इथे. आणि हलू नका जी, पोरांचं ध्यान जाते." तो बसला. ताठ मान. मी गणित घ्यायला सुरुवात केली. दहा मिनिटांनी त्याने पाय बदलला, बेंच करकरला, पोरं वळली. मी फळ्यावरून मान न वळवता म्हटलं, "गुरुजी." तो थांबला. वीस मिनिटांनी त्याचा उजवा गुडघा आपोआप थरथरायला लागला, त्याने तो दोन्ही हातांनी दाबून धरला. त्याच्या कपाळावर घाम होता. डिसेंबरात. मी हळू हळू शिकवत होती, प्रत्येक हातचा दोनदा समजावत, आणि छातीत तेच गोड गोड, पहिल्या शुक्रवारसारखं, आणि या वेळी ते त्यालाच पोहोचत होतं. पस्तीस मिनिटांनी त्याने हात वर केला. म्हाताऱ्या बोटांमधून करंगळी वेगळी व्हायला वेळ लागला, पण झाली. पोरं खी खी करू लागली. मी घड्याळ पाहिलं, घंटेला बारा मिनिटं. तोंडात शब्द तयार होते, तीस वर्षांपासून तयार होते. मी तोंड उघडलं.

तेवढ्यात बेंच वाजला. रुची उठली. न विचारता, वही खाली पाडून, टीनाच्या पायावर पाय देऊन ती मागे धावली आणि त्याचा हात धरला. "आबा, चला ना, मी दाखवते कुठे आहे ते, चला लवकर." तो माझ्याकडे पाहत राहिला, उठू का नको. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, परवानगीसाठी. रुचीने माझ्याकडे पाहिलंच नाही. तिने त्याला ओढलं, त्याचा गुडघा बेंचात अडकला, तिने बेंच सरकवला, आणि दोघं दाराबाहेर गेली. व्हरांड्यातून तिची बडबड ऐकू येत होती, इकडे नाही आबा, इकडे मुलींचं आहे, हळू, पायरी आहे. माझ्या हातात खडू होता आणि वर्ग माझ्याकडे पाहत होता. घरघर आली, विमान डोक्यावरून गेलं, आणि व्हरांड्यातून आवाज आला, "आबा, हा जुना आहे, हा घाबरत नाही!"

सुट्टी झाल्यावर स्टाफरूममध्ये मी चौथा फॉर्म काढला. लेखी खुलाशाचा कागद शेजारीच पडला होता, तोही लिहायचा होता. पहिलंच वाक्य, न विचारता जागेवरून उठते. पुढे चार चौकटी. मी बराच वेळ पेन धरून बसली, मुलीसाठी नाही, तिचं तर मला माहीत होतं. मग 'कधीकधी'वर खूण केली, आणि खालच्या रिकाम्या ओळीवर लिहिलं, 'आज उठली. ज्याला जायचं होतं त्याला घेऊन गेली. मी सोडलं नसतं.' आणि फोटो काढून नागपूरला पाठवला.